कलपाचे त्वचेवरचे डाग काढताना या चुका टाळा

केस रंगवून झाले की कपाळाच्या कडेला, कानामागे आणि मानेवर काळपट पट्टे उरतात, आणि ते लगेच जावेत म्हणून खरखरीत टॉवेलने घासणे सुरू होते. हीच सर्वांत मोठी चूक आहे. डाग त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात बसलेला असतो. हा थर आपोआप झडत असल्याने उरलासुरला रंगही काही दिवसांत फिका पडतो. जोराने घासल्यास मात्र हा संरक्षक थर सोलला जाऊन त्वचेची आग होते आणि डागाच्या जागी लाल चट्टा उमटतो.

दुसरी चूक उशिराची. कायमस्वरूपी कलपातील घटक मुळात जवळजवळ रंगहीन असतात; हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग झाल्यावर त्यांचा रंग तयार होतो आणि मिनिटागणिक गडद होत जातो. म्हणून त्वचेवर ओघळलेला थेंब, केस धुण्याची वेळ होईपर्यंत तसाच न ठेवता, ओल्या कापसाने तेव्हाच टिपून घ्यावा. पुसताना हात केसांच्या दिशेने न्यावा, नाहीतर रंग कपाळभर पसरतो.

डाग वाळलाच असेल, तर आधी त्यावर खोबरेल किंवा बेबी ऑइल लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग मऊ कापसाने हळूच गोलाकार पुसून सौम्य साबणाने धुवावे. एका वेळेस पूर्ण गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. एकाच बैठकीत तो संपवण्याचा हट्ट त्वचेला महागात पडतो.

लिंबू आणि खाण्याचा सोडा हे उपाय सर्रास सांगितले जातात, पण चेहऱ्यासाठी ते योग्य नाहीत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, तर सोडा अल्कधर्मी असल्याने त्वचेची नैसर्गिक आम्लता बिघडवतो. नेलपॉलिश रिमूव्हर चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांजवळ, वापरू नये. कपडे धुण्याचे ब्लीच तर त्वचेला लावूच नये. कलपात अमोनिया असेल तर दोन्ही मिसळून विषारी वायू तयार होतो.

डागाच्या जागी खाज, सूज किंवा फोड दिसू लागले, तर ती बहुधा कलपाची ॲलर्जी असते आणि ती एक-दोन दिवसांनीही उद्भवू शकते. अशा वेळी डाग काढण्याचे सर्व प्रयत्न थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर तातडीने रुग्णालयात जावे.

नखांवरचा रंग बहुतेकदा नख वाढेल तसाच निघतो, म्हणून हातमोजे विसरू नयेत. कपाळाच्या कडेला आधी व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा, मात्र तो केसांच्या मुळांना लागू देऊ नये, कारण तिथे रंग नीट चढत नाही.