हजारो पीडीएफचं इंडेक्सिंग: कॅशे लावायचा की क्यू?

इंडेक्सिंग (फायलींतला मजकूर काढून शोधता येईल असा नोंदवणं) संथ चाललंय म्हटलं की ‘रेडिस टाक’ असा सल्ला येतोच, म्हणजे मेमरीतला कॅशे (एकदा काढलेले निकाल पुन्हा वापरायला ठेवायची जागा). आधी मोजा. सगळ्या फायलींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा, बाइट सारखे तर ठसा सारखा) काढा आणि वेगळे हॅश किती निघतात ते बघा. १०,००० फायलींत ९,९०० निघाले, तर कॅशेने जेमतेम १०० फायलींचं काम वाचेल. तुम्हाला क्यू हवी, म्हणजे कामांची रांग, जिच्यातून अनेक वर्कर (काम करणारे प्रोग्रॅम) एकेक काम उचलतात. ४,००० च निघाले किंवा तोच गठ्ठा दर आठवड्याला चालवायचा असेल, तर आधी कॅशे. क्यूने काम कमी होत नाही, फक्त वाटलं जातं.

फसगत होते ती कॅशेच्या कीमध्ये, म्हणजे जुना निकाल ज्या खुणेने शोधायचा तिच्यात. फाइलचं नाव आणि तारीख ही की नव्हेच. ‘स्कॅन००१’ प्रत्येक फोल्डरमध्ये सापडतं. नुसता फाइलचा हॅशही पुरत नाही. तेच पत्र वर्डमधून पुन्हा पीडीएफ केलं की आतली निर्मितीची वेळ बदलते आणि हॅशही बदलतो. म्हणून दोन कॅशे ठेवा: ओसीआरसाठी (स्कॅनमधून मजकूर काढणं) फाइलच्या बाइटच्या हॅशवर, एम्बेडिंगसाठी (अर्थावरून शोधता यावं म्हणून मजकुराचे आकडे करणं) निघालेल्या मजकुराच्या हॅशवर. कीमध्ये त्या टप्प्याची आवृत्ती आणि सेटिंगही घाला. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमची भाषा इंग्रजीवरून मराठी केली आणि की तीच राहिली, तर जुना कचराच परत मिळतो, तोही एररशिवाय.

मराठी मजकुराचा हॅश काढण्याआधी युनिकोड एनएफसी (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका ठरलेल्या रूपात आणणं) कराच. ‘ऱ’ एका कोडपॉइंटनेही (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) लिहिला जातो आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही, दिसायला सारखा, हॅश वेगळा. ‘दुसऱ्या’ लिहिताना काही जण र, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) वापरतात. ते एनएफसीने सुधारत नाही, तिथे ‘ऱ’ आणि हलंत स्वतः बसवा.

कॅशेतले हे निकाल महिनोनमहिने उपयोगी पडतात, तेव्हा रेडिसपेक्षा डिस्कवर हॅशच्या नावाने ठेवलेले बरे.

क्यूत एकच खाचखळगा. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू सेवेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (उचललेला मेसेज इतर वर्करांपासून लपून राहतो ती मुदत) मुळात ३० सेकंदांचा. २०० पानी स्कॅन तेवढ्यात आटोपत नाही. मेसेज पुन्हा दिसू लागतो आणि दुसरा वर्कर तोच उचलतो. टाइमआउट सर्वांत जड फाइलला पुरेल एवढा ठेवा (कमाल १२ तास). इंडेक्समधला आयडी आपोआप बनू देऊ नका, दस्तऐवजाचा कायमचा आयडी द्या. मग दुसरं लेखन पहिल्यावरच बसतं. इंडेक्स ठेवणाऱ्या इलास्टिकसर्चने ४२९ (‘विनंत्या फार झाल्या’ हा एरर) दिला तर वर्कर वाढवू नका, कमी करा.

दोन्ही लागले तर क्रम असा: मेसेज उचला, कॅशे बघा, नसेल तर काम करून कॅशेत लिहा, इंडेक्स करा आणि मगच मेसेज डिलीट करा.