टरेट सगळ्यात शेवटी: घरी आरसी (रिमोटवर चालणारा) रणगाडा बांधताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या रणगाड्याचा टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, चाकांच्या आठ महिने आधी तयार होता. टी-५५ चा टरेट म्हणजे उपडी कढईच. शोकेसवर ठेवलेला तो पाहून गणपतीला आलेल्या मावशीने विचारलंही, "नवी कढई घेतलीस वाटतं?" टरेट देखणा असतो, लवकर होतो, फोटोत छान येतो, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. तुम्ही करू नका. आधी सांगाडा, चाकं, ट्रॅक (चाकांवरचा साखळीसारखा पट्टा) आणि मोटरा. हे उघडंबोडकं धूड गच्चीवर अर्धा तास चालून, वळून, थांबून दाखवत नाही तोवर वरच्या भागाला हात लावायचा नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर टी-५५ च घ्या. १९७१ च्या युद्धात आपल्याकडून लढलेला हा रणगाडा. एका बाजूला पाचच मोठी चाकं आणि वरचे छोटे रोलर नाहीतच. ट्रॅक सरळ चाकांच्या पाठीवरून जातो. (पहिल्या आणि दुसऱ्या चाकातली फट जास्त ठेवायला विसरू नका, जाणकार आधी तीच बघतात.) १:६ मापात रुंदी साधारण ५४ सेंटिमीटर आणि तोफेसकट लांबी दीड मीटर होते. म्हणजे दारातून जाईल, पण लिफ्टमध्ये तोफ अडेल. नळी आटे पाडून सुटी होईल अशीच करा.

सांगाड्याला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) वापरू नका. मुंबईतला एक पावसाळा, आणि कडा पावासारख्या फुगतात. मरीन प्लाय किंवा ॲल्युमिनियम घ्या, विषय संपला.

आता ट्रॅक. निम्मे रणगाडे इथेच कायमचे माळ्यावर जातात. मी स्प्रॉकेटचा (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचा) व्यास काढताना लिंकची (ट्रॅकच्या एका कडीची) लांबी गुणिले दात भागिले पाय (π) असं सोपं गणित केलं होतं. २५ मिलिमीटरची लिंक, १३ दात, उत्तर १०३.५. लेथवाल्या काकांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "दादा, चेन गोल वाकत नाही, कोन करत वळते." त्यांचं खरं होतं. लिंकची लांबी भागिले साइन (१८० भागिले दात) असं करायचं, म्हणजे १०४.५ येतात. एका मिलिमीटरने काय होतं? पहिले तीन-चार दात बरोबर बसतात, मग पिन दाताच्या टोकावर चढते आणि 'टक्' असा आवाज करून ट्रॅक उडी मारतो. तो आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही.

दुसरी गोम लिंका जोडणाऱ्या पिनेची. ४ मिलिमीटरच्या पिनेला ४.२ चं भोक पाडलं की प्रत्येक सांध्यात ०.२ ची ढील. ९० लिंकांची मिळून १८ मिलिमीटर होते! ट्रॅक वरून आणि खालून दोन्हीकडून जातो, म्हणून पुढचं आयडलर चाक (ट्रॅक ताणून धरणारं) किमान याच्या निम्मं, म्हणजे ९ मिलिमीटर तरी पुढे सरकवता आलं पाहिजे, शिवाय भोकं झिजतील त्यासाठी थोडं जास्त. मी ते वेल्डिंग करून पक्कं केलं होतं. मग ग्राइंडरने कापलं, रविवारी दुपारी, आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

मोटरांसाठी कुर्ल्याच्या भंगारात गाड्यांच्या वायपर मोटरा मिळतात. स्वस्त आणि दणकट असतात, पण त्यांची एक खोड आहे. बऱ्याच मोटरांचा एक ब्रश (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारा कार्बनचा तुकडा) थेट मोटरच्या बॉडीला जोडलेला असतो, कारण गाडीत अर्थिंग पत्र्यातूनच मिळतं. अशा दोन मोटरा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसवल्या की दोघींची एक-एक वायर आपोआप एकमेकींना जोडली जाते. दोन्ही एकाच दिशेने फिरत असताना कदाचित कळणारही नाही. एक सुलट आणि एक उलट फिरवली की शॉर्ट. माझे दोन स्पीड कंट्रोलर एकाच संध्याकाळी गेले. मी लॅमिंग्टन रोडच्या (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चूक माझी होती.

मल्टिमीटर घ्या. एक टोक वायरला, दुसरं मोटरच्या बॉडीला. बीप आला तर मोटर उघडून तो ब्रश सुटा करा आणि स्वतंत्र वायर बाहेर काढा. नुसती खाली नायलॉनची पट्टी घालून भागत नाही. शाफ्ट, स्प्रॉकेट, लोखंडी ट्रॅक यांतून करंटला वाट मिळतेच.

सरळ सोडलेला रणगाडा सारखा एकाच बाजूला ओढत असेल, तर तेही बहुधा याच मोटरांमुळे. त्या एकाच दिशेने फिरण्यासाठी बनलेल्या असतात आणि उलट फिरताना थोड्या मंद पडतात. समोरासमोर बसवल्या की एक सुलट, एक उलट. रिमोटवरच्या ट्रिमने (बारीक जुळवणीच्या बटणाने) एका वेगाला जमतं, दुसऱ्याला बिघडतं. परवडत असेल तर व्हीलचेअरच्या २४ व्होल्टच्या मोटरांची डावी-उजवी जोडी घ्या.

मोटर फिरते पण ट्रॅक हलत नाही? चाक शाफ्टवर घट्ट धरणारा ग्रब स्क्रू घसरलाय. शाफ्ट आणि चाकाच्या खाचेत चावी (धातूची छोटी पट्टी) घाला किंवा आरपार पिन मारा. दहा पावलांवर सिग्नल तुटतो? रिसीव्हरची अँटेना पत्र्याच्या डब्यात कोंडलीय, तिचं टोक बाहेर काढा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. आणि फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटरांना काय हुकूम जाईल ते ठरवणारं सेटिंग) शून्यावर ठेवल्याशिवाय ट्रॅक जमिनीला टेकवू नका. आधी सांगाडा विटांवर ठेवा, ट्रॅक फिरते करा आणि रिमोट बंद करून पाहा. ट्रॅक थांबायलाच हवेत. माझे थांबले नव्हते.

आणखी एक. वायपर मोटरला वर्म गिअर असतो (मोटर चाक फिरवते, पण चाकाने मोटर फिरत नाही), म्हणजे बॅटरी संपली की रणगाडा ढकलता येत नाही. आमची लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच, गच्चीला वर जिना. ४२ किलोचं धूड गच्चीच्या दुसऱ्या टोकाला मेलं आणि पावसाची सर आली. तेव्हापासून दोन्ही ट्रॅकमध्ये एकेक पिन नुसत्या स्प्लिट पिनेवर ठेवतो. पक्कड लावून ती ओढली की ट्रॅक उलगडून पडतो आणि रणगाडा उघड्या चाकांवर हातगाडीसारखा जिन्यापर्यंत येतो. पुढे मात्र दोन माणसं लागतात.