खोबरेल गोठलं की कामाला लागा

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत खोबरेल तेलाची बाटली असते. दिवाळी होऊन गेली की एखाद्या पहाटे ती उपडी करावी आणि थेंबही पडू नये, असं होतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं. त्यामुळे वेगळा निरोप लागत नाही. बाटलीत पांढरा थर दिसला की मी ट्रंक उघडतो.

मी गोव्यातल्या साखळी गावात पेपर टाकतो. बत्तीस वर्षं झाली. पहाटे सव्वाचारला गठ्ठे उचलायचे, पुरवण्या घालायच्या, आणि स्कूटरवरून पर्ये गाव करत पुढे केरी गावापर्यंत जायचं. घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. पुण्याचे नातेवाईक फोनवर हसतात, "गोव्यात कसली आलीय थंडी?" त्यांना मी एकदा जानेवारीत मागच्या सीटवर बसवून नेलं. त्यानंतर तो प्रश्न आला नाही.

त्यांचं एका अर्थी खरंच आहे. पणजीत जानेवारीच्या पहाटे २० अंशांच्या आसपास असतं, ही काही गारठून जाण्यासारखी थंडी नव्हे. समुद्र जवळ असला की रात्र फार उतरत नाही. पण आमच्यासारख्या आतल्या, चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या भागात गोष्ट वेगळी. आभाळ निरभ्र, ढगांचं पांघरूण नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीत सगळी ऊब सोडून देते. थंड हवा जड असते. ती डोंगरउतारावरून घरंगळत खाली येते आणि नदीकाठच्या खोलगटात साचून राहते. वाळवंटी नदीच्या पुलावर स्कूटर चढली की गुडघे सांगतात, आता धुकं लागणार. नातीने आमच्या पडवीत तापमापक टांगलाय. गेल्या जानेवारीत त्याच्यावर मी दोनदा १५ वाचले. त्याच दिवशी दुपारी तोच काटा ३२ वर होता.

इथली अडचण थंडीची नाही, या सतरा अंशांची आहे. पहाटेच्या कपड्यांत माणूस दहा वाजता घामाने भिजतो, आणि दुपारच्या कपड्यांत रात्रीच्या नाटकाला बसला की कुडकुडतो. म्हणून गोव्यातल्या थंडीत काय घालायचं यापेक्षा कधी काढायचं हे जास्त महत्त्वाचं.

हे मी अक्कलखात्यात पैसे भरून शिकलो. धंद्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक जाडजूड लोकरी स्वेटर आणला. पहाटे राजासारखा गेलो. साडेसातला ऊन चढलं, मी गेटागेटाला उतरतोय, चढतोय, आतून बनियन चिंब. परतीच्या वाटेवर झाडीतला गार वारा त्या ओल्या बनियनवर बसला. स्वेटर एकच, त्यामुळे काढावं तर उघडं पडायचं, ठेवावं तर घाम. चार दिवस अंथरुणात होतो आणि पेपर मेहुण्याने टाकले, तेही निम्मे चुकीच्या घरी.

तेव्हापासून एक जाड कपडा घालायचा नाही, तीन पातळ घालायचे. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, वर वारा न शिरणारं विंडचीटर. आणि शर्ट व विंडचीटरच्या मधे, छातीवर, पेपर. खरंच पेपर. कालच्या अंकाचं एक पान पूर्ण उघडायचं, दोन घड्या घालायच्या आणि गळ्यापासून बेंबीपर्यंत येईल असं सरकवायचं. कागदाच्या घड्यांत हवा अडकते आणि स्कूटरवरचा वारा छातीला लागत नाही. बनियनला लागून ठेवू नका, शाई उतरते. गुळगुळीत रंगीत पुरवणी घेऊ नका, ती घसरून पोटाशी जमा होते. ऊन आलं की पान काढून डिकीत टाकायचं, मग विंडचीटर, मग घरी येऊन बनियन लगेच बदलायचं. डिकीत एक कोरडं बनियन मी कायम ठेवतो. घाम अंगावर वाळू द्यायचा नाही, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी दुखणी टळतात.

कान आणि मान उघडी ठेवू नका. हेल्मेटखाली सुती रुमाल बांधला की कानटोपीची गरज लागत नाही आणि हेल्मेटही नीट बसतं. लोकरी कानटोपीवर हेल्मेट चढवलं की ते डोक्यावर डुलत राहतं, हे धोक्याचं. हातमोज्यांची फक्त अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं कापा. पेपर मोजणाऱ्याला ते लागतंच, पण चावी फिरवणाऱ्या, दूध घालणाऱ्या माणसालाही सोयीचं पडतं.

रात्रीचं वेगळं. आमच्याकडे थंडी आणि जत्रा एकदमच येतात. पौषात म्हापशाला बोडगेश्वराची, फातर्प्याला शांतादुर्गेची, माघात कवळ्याची, शिवाय गावोगावचे काले आणि नाटकं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि भैरवीपर्यंत उजाडायला येतं. तिथे माणूस आजारी पडतो तो वरून नव्हे, खालून. शाली सगळे घेतात, पण जमिनीवर नुसती चटई टाकून बसतात, आणि जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. चटईखाली गोणपाट घाला, नाहीतर पेपरचे आठदहा थर. (त्या दिवसांत माझ्याकडे जुन्या रद्दीला भलती मागणी असते.) दुसरं, दंव. मांडवाच्या बाहेर बसलात तर दोनच्या पुढे शाल हाताला ओलसर लागते. ओली लोकर जड होते आणि ऊबही कमी देते. म्हणून बाहेरच्या बाजूला एखादं रेनकोटचं कापड टाका. खाजं, म्हणजे जत्रेतला गोड खाऊ, त्याच्या दुकानावर मात्र रेंगाळा. गूळ, आलं, तीळ सगळं त्यात आहे. औषध म्हणून खाल्लं असं घरी सांगता येतं.

आता घरातलं. आईला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. म्हाताऱ्या माणसांची थंडी आपल्यासारखी नसते, त्यांना ती जाणवतच नाही, आणि जाणवते तेव्हा हातपाय गार पडलेले असतात. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. म्हणून थंडीत रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, आणि महिन्यातून एकदा दाब मोजून घ्यायचा. आईला आम्ही जाग आल्यावर लगेच उठू देत नाही. मिनिटभर पलंगाच्या काठावर बसायचं, शाल घ्यायची, मोजे घालायचे, मगच उठायचं. मोजे तळाला रबरी ठिपके असलेलेच घ्या. आमची लादी गुळगुळीत आहे आणि साध्या मोज्यांवरून आई एकदा घसरलीय. देवाच्या कृपेने हाड वाचलं. पहाटे पाचला फिरायला जाणारे माझे काही साठी-सत्तरीतले गिऱ्हाईक आहेत. गेटावर भेटले की म्हणतात, "आज थंड खूब पडली मरे!" त्यांना मी दरवर्षी तेच सांगतो, साडेसातला निघा, पेपर वाचूनच निघा. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, अचानक दम लागला तर गॅस समजून सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन करा.

आंघोळ सकाळी उरकलीच पाहिजे हा हट्टही सोडा. आई अकराला, ऊन न्हाणीत आल्यावर न्हाते. आमच्याकडे पाणी तापवायला अजून तांब्याचं भाण आहे, म्हणजे मोठं भांडं, खाली करवंट्या आणि नारळाची सोडणं जळतात. त्या पाण्याला किंचित धुराचा वास असतो, तो मला आवडतो. पण पाणी कढत नको. फार गरम पाण्याने त्वचेचं तेल निघून जातं आणि मग दिवसभर खाज. अंग टिपून थोडं ओलसर असतानाच खोबरेल लावा. बाटली गोठलेली असेल तर भाणाच्या काठावर दोन मिनिटं ठेवा.

इथे एक कळकळीचं सांगायचंय. ज्यांच्या न्हाणीत गॅसचा गीझर आहे त्यांनी थंडीत खिडकी बंद करू नये. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला ना वास ना रंग. माझी पुतणी अशीच एका बंद न्हाणीत चक्कर येऊन पडली होती. दार ढकलून बाहेर काढली म्हणून आज ती आहे. झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारं लावून झोपणं, हेही तितकंच वाईट.

टाचांचं आणि ओठांचं औषध इथल्याच झाडावर आहे. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. तेल म्हणतात, पण असतो तो पिवळट पांढरा गोळा, पातळ व्हायला चाळीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. रात्री पाय कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, चांगले पुसा. भिरंडेलाचा सुपारीएवढा तुकडा सुरीने काढून पळीत मंद आचेवर पातळ करा. पळी उतरवून बोटाला सोसेल इतकं निवलं की भेगांत भरा. भरताना बघत राहा, तेल भेगेत जातं आणि तिथेच पांढरं होऊन बसतं, कारागिराने लांबी भरावी तसं. वर सुती मोजे घालून झोपा. पाच रात्री पुरतात. ओठांना नुसतं बोट घासून लावलं तरी चालतं. मधुमेह असलेल्यांनी पाण्याची ऊब दुसऱ्याच्या हाताने बघून घ्यावी, आणि टाचा ब्लेडने खरवडायच्या नाहीत. भेगेतून रक्त किंवा पाणी आलं तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरकडे जावं.

खाण्याचं फार सांगत नाही, प्रत्येक घरची सुगरण वेगळी. बाजारात तांबडी भाजी आणि पाल्यासकट मुळा कोवळा येतो, तो रोज घ्या. न्याहरीला आमच्याकडे तिझन. नाचणी रात्री भिजवून, सकाळी वाटून, फडक्यातून गाळायची, आणि ते दूध गूळ, नारळाचा रस, चिमूटभर मीठ घालून सतत ढवळत शिजवायचं. ढवळणं थांबलं की गुठळ्या झाल्याच. सोलकढीवरून घरात दरवर्षी भांडण. बायकोच्या मते थंडीत ती घसा धरते. मी दुपारी पितो, रात्री पीत नाही, असा तह झालाय. पाणी मात्र आठवणीने प्या. तहान लागत नाही, पण दुपारचं ऊन ते काढून घेतंच.

सर्दीला कसाय, म्हणजे मसाल्याचा काढा. एक वाटी धने, अर्धी वाटी जिरे, पाव वाटी बडीशेप, एक चमचा मिरी, अर्धा चमचा मेथी, सुंठीचा एक तुकडा. सगळं कोरडं भाजून जाडसर कुटून डब्यात भरा. दोन कप पाण्यात चमचाभर घालून दीड कप होईस्तोवर उकळा, गूळ घाला, आच बंद करा, गाळा आणि मग गरम दूध ओता. दूध आणि गूळ एकत्र उकळलं तर फाटतं, हे नवीन सुनांना कुणी सांगत नाही आणि मग त्यांच्यावर खापर. कसायाने सर्दी जात नाही, ती आपल्या गतीने आठवड्याभरात जाते. पण घसा सुटतो, झोप लागते. मुलांना खोकल्यावर मध चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र अजिबात नाही. वाफेचं उकळतं पातेलं लहान मुलांपुढे ठेवू नका, सांडून भाजण्याची भीती सर्दीपेक्षा मोठी. आणि मागच्या वर्षीच्या पाकिटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊ नका. साधी सर्दी विषाणूची असते, त्यावर त्यांचा उपयोग नाही. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला, श्वास लागला, छातीत घरघर वाजली तर दवाखाना.

दम्याच्या लोकांचा खरा शत्रू थंडीइतकाच धूर आहे. डिसेंबर-जानेवारीत काजूच्या बागा साफ करतात आणि पाल्याचे ढीग पेटवतात, तेही पहाटे. गार हवा खाली दबलेली असते, धूर वर जात नाही, धुक्यात मिसळून घरांच्या उंचीवरच तरंगत राहतो. केरीच्या वाटेवर मला तो घशाने कळतो. पाला झाडाच्या बुंध्याशी पसरा, ओल टिकते. पेटवायचाच असेल तर निदान उन्हं वर आल्यावर पेटवा. दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी बरं वाटतंय म्हणून डॉक्टरला न विचारता तो बंद करू नये.

शिगम्याचे ढोल वाजायला लागेपर्यंत बाटलीतलं खोबरेल दिवसभर पातळ राहायला लागतं. तेव्हा लोकरीचे कपडे रिठ्याच्या पाण्यात धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. एक दिवस नाही, दोन. आपल्याकडे स्वेटर थंडीत फाटत नाही, पावसाळ्यात बुरशीने जातो. ट्रंकेच्या तळाशी पेपर, घड्यांमधे वाळवलेला कडुलिंबाचा पाला, वर पुन्हा पेपर. मे संपायच्या आत एकदा काढून ऊन दाखवायचं, आणि मग दिवाळीपर्यंत ट्रंक उघडायची नाही.