लेसरडिस्क जमवताय? निदान या चुका तरी टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एक फोटो पाठवतं. लेसरडिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची, चित्रपट साठवणारी तीस सेंटिमीटरची चकचकीत चकती ताटासारखी धरलेली, चार बोटं थेट चकाकत्या भागावर टेकवलेली. सोबत प्रश्न ठरलेला: "सर, स्वस्तात मिळाली. पण चित्र जुन्या व्हीएचएस कॅसेटसारखंच दिसतंय. फसलो का?"

फसला नाहीस बाबा. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. वायर चुकीच्या भोकात असते, किंवा टीव्ही दुकानात मांडून ठेवतात तसा भडक करून ठेवलेला असतो. मी तोक्योत निशी-कासाईला राहतो. लेसरडिस्क विक्रीला आली ती अमेरिकेत, १९७८ साली, पण खरी रमली ती जपानात. कराओकेवाल्यांनीसुद्धा ती भरपूर वापरली. पायोनिअरने प्लेअर बनवणं थांबवलं ते थेट २००९ मध्ये. त्यामुळे इथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत अजूनही खोकीच्या खोकी चाळायला मिळतात. नवशिके येतात, दहा-पंधरा डिस्क उचलतात, आणि आठवड्याभरात मला फोटो पाठवतात.

'लेसर आहे म्हणजे डिजिटल'

सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. डीव्हीडीवर एक-शून्य असतात. लेसरडिस्कवरचं चित्र मात्र पूर्णपणे अ‍ॅनलॉग असतं. आणि तेही कंपोझिट, म्हणजे उजेड आणि रंग एकाच सिग्नलमध्ये एकत्र कालवलेले. बघण्याआधी कुणीतरी ते वेगळे करावे लागतात. नीरक्षीरविवेकाच्या गोष्टीतला राजहंस आठवा. या धंद्यात त्या राजहंसाचं नाव कोम्ब फिल्टर.

आता प्रश्न एवढाच, की तुमचा राजहंस कुठे बसलाय? प्लेअरच्या एस-व्हिडिओ भोकातून (तिथे उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी निघतात) वायर काढली, तर वेगळं करण्याचं काम प्लेअरच्या पोटात होतं. पिवळ्या कंपोझिट भोकातून काढली, तर ते टीव्हीवर किंवा मधल्या अपस्केलरवर (जुनं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करणाऱ्या डब्यावर) पडतं. दोघांपैकी ज्याचा फिल्टर चांगला, त्याच्याकडे काम द्यायचं. गोष्ट इतकी साधी आहे. पण कुठेतरी वाचलेलं असतं, 'एस-व्हिडिओ नेहमीच श्रेष्ठ'. ते डीव्हीडीला लागू आहे, कारण तिथे उजेड आणि रंग मुळातच वेगवेगळे साठवलेले असतात. लेसरडिस्कला ते आपोआप लागू होत नाही. ऐंशीच्या दशकातल्या साध्या प्लेअरमधला फिल्टर बरेचदा यथातथाच असतो, आणि त्याची एस-व्हिडिओ वायर म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं दूध घरपोच.

माझी पद्धत सांगतो. बारीक पट्ट्यांचा शर्ट, दुकानाचं शटर किंवा पट्ट्यापट्ट्यांचे पडदे असलेला एखादा प्रसंग शोधायचा. पट्ट्यांवर इंद्रधनुष्य नाचतंय का, रंगांच्या कडेने ठिपक्यांची मुंग्यांसारखी रांग सरकतेय का, ते पाहायचं. मग दुसरी वायर लावून तोच प्रसंग पुन्हा. पाच मिनिटांचं काम. पण नाही, लोक आधी महागडा अपस्केलर मागवतात, आणि पाच मिनिटं काढायला त्यांना वेळ नसतो.

आणि हो, तोंडाला फेस येईपर्यंत सांगतो तरी ऐकत नाहीत: ४:३ चं चित्र ताणून रुंद पडद्याला चिकटवू नका. शार्पनेस खाली आणा. 'व्हिव्हिड' मोड हा मुळात मोडच नाही, ती शिक्षा आहे. प्लेअरमध्ये डिजिटल नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे पुसण्याची सोय, असेल तर आधी बंद करून पाहा. चेहरे मेणाचे का दिसत होते, ते लगेच कळेल. जमलं तर जुना नळीचा टीव्ही मिळवा. जपानात तो टाकून द्यायलाच पैसे भरावे लागतात, त्यामुळे लोक हात जोडून फुकट देतात. उचलायला मात्र दोन माणसं आणा, आणि त्यातलं एक माणूस मी नसेन.

जपानी काळं आणि अमेरिकी काळं

ही चूक मी स्वतः पूर्ण एक वर्ष केली, म्हणून जरा हळू बोलतो. दोन्ही देशांत एनटीएससी हीच टीव्ही-सिग्नलची पद्धत चालायची, पण काळा रंग कुठे सुरू होतो यावर त्यांचं एकमत नव्हतं. सिग्नलच्या शंभराच्या मोजपट्टीवर जपानात काळं म्हणजे शून्य, अमेरिकेत ते साडेसातवर. टीव्ही अमेरिकी डिस्कनुसार लावून जपानी डिस्क घातली, तर रात्रीचे प्रसंग डांबरात बुडतात. उलट केलं, तर काळ्या कोटावर राख भुरभुरल्यासारखी दिसते.

मी दोन जपानी डिस्क 'छपाई वाईट' म्हणून कवडीमोलाने विकल्या. पुढे त्यातलीच एक डिस्क मित्राच्या घरी पाहिली. अंधारातल्या माणसाच्या खिशाची शिवणसुद्धा दिसत होती. तेव्हापासून टीव्हीच्या कडेला एक कागद चिकटवलाय: 'ज' साठी ब्राइटनेस इतका, 'अ' साठी इतका. बायकोला वाटतं ती वाणसामानाची यादी आहे.

आवाजाची भोकं

आता माझा आवडता विषय, म्हणजे सर्वांत जास्त डोकं पिकवणारा.

एकाच लेसरडिस्कवर आवाज तीन-चार वेगळ्या रूपांत असू शकतो. आधी फक्त अ‍ॅनलॉगच्या दोन वाहिन्या होत्या. मग ऐंशीच्या दशकात सीडीसारखा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा डिजिटल स्टिरिओ आला. तो दाबलेला नाही, आणि अनेक चित्रपटांचा मूळ थिएटरातला स्टिरिओ मिक्स त्यावर आहे. मी या छंदात पडलो ते मुख्यतः त्यासाठी. पुढे १९९५ पासून डॉल्बीचा एसी-३ आला, आणि नंतर डीटीएस; दोन्ही म्हणजे चहूबाजूंच्या अनेक स्पीकरांसाठी आकड्यांत दाबून भरलेला आवाज. जागा मात्र वाढली नव्हती. म्हणून एसी-३ ने उजव्या अ‍ॅनलॉग वाहिनीची जागा बळकावली, तर डीटीएसने डिजिटल स्टिरिओची.

याचा अर्थ काय, ते मला एका डिसेंबरच्या रात्री साडेअकरा वाजता कळलं. घरी साधा दोन स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर होता. डीटीएस लिहिलेली डिस्क नुकतीच आणली होती, तिच्या आवाजाची कीर्ती खूप ऐकली होती. डिस्क फिरू लागली. सुरुवातीचे काही सेकंद निव्वळ शांतता. मला वाटलं आवाज कमी आहे, म्हणून वाढवला. अजून थोडा वाढवला. आणि मग पत्र्याच्या छपरावर गारांचा ट्रक उलटावा तसा आवाज आला. रिमोट पांघरुणात. पांघरूण पायाखाली. मी अंधारात प्लेअरपर्यंत पोचेस्तोवर पंधरा सेकंद गेली असतील. तेवढ्यात डाव्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा भाग, कायमचा मुका झाला. आतून बायकोने विचारलं, "संपला का सिनेमा?"

दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन खालच्या मजल्यावर गेलो आणि कंबरेत वाकून माफी मागितली. आजी म्हणाल्या, भूकंप वाटला म्हणून टेबलाखाली गेले होते. त्या हसत होत्या, पण डबा त्यांनी ठेवून घेतला.

घडलं ते असं: डीटीएसचे आकडे न उलगडता थेट संगीत म्हणून वाजवले की निघतो तो नुसता खरखराट, आणि तोही पूर्ण ताकदीने. उपाय: प्लेअरची डिजिटल तार डीटीएस समजणाऱ्या रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) जोडा. तसा रिसीव्हर नसेल, तर प्लेअरवर अ‍ॅनलॉग आवाज निवडा. तिथे सहसा साधा स्टिरिओ असतो. एसी-३ च्या डिस्कवर उलट करायचं. तिथे अ‍ॅनलॉगला जाऊ नका, उजव्या कानात गुरगुर ऐकू येईल. डिजिटल स्टिरिओ तिथे शाबूत असतो. आणि कुठलीही नवी डिस्क घालताना आवाज शून्यावर. हा नियम मी आता घरातल्या कुकरलासुद्धा लावीन.

एसी-३ ची दुसरी गंमत. प्लेअरच्या पाठीमागे 'एसी-३ आरएफ' असं लिहिलेलं एक भोक असतं. दिसायला अगदी डिजिटल आवाजाच्या नेहमीच्या कोअ‍ॅक्सियल भोकासारखं, वायरही तीच बसते. म्हणून लोक ती आजच्या रिसीव्हरच्या कोअ‍ॅक्सियलमध्ये खुपसतात आणि विचारतात, आवाज का येत नाही? कारण तिथून येतो तो रेडिओसारखा वाहक लहरीवर चढवलेला सिग्नल. त्याला आधी उतरवणारा डीमॉड्युलेटर लागतो. नव्वदीच्या शेवटच्या काही रिसीव्हरांत तो आतच असायचा. आजच्या रिसीव्हरांत नाही. आणि तुमच्या प्लेअरला हे भोकच नसेल तर एसी-३ विसरा आणि स्टिरिओ ऐका. तो ऐकून अजून कुणी आजारी पडल्याचं मला माहीत नाही.

प्रत्येक ठिपका म्हणजे 'रॉट' नव्हे

लेसर रॉट हा शब्द नवशिका पहिल्याच दिवशी शिकतो, आणि मग त्याला सगळीकडे तोच दिसतो. लेसरडिस्क म्हणजे पाठीला पाठ लावून डिंकाने चिकटवलेल्या दोन चकत्या. आतला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर कधी कधी गंजू लागतो. मग पडद्यावर रंगीत ठिणग्या उडतात, आधी चार-दोन, मग लग्नातल्या अक्षतांसारख्या. यावर औषध नाही.

पण धूळ आणि बोटांच्या ठशांनीही ठिपके पडतात. ते सहसा ठरावीक जागी पडतात आणि पुसल्यावर कमी होतात. नागमोडी तिरके पट्टे सरकत असतील, तर तो शेजारच्या ट्रॅकचा सिग्नल मिसळतोय. तिथे चकती वाकलेली असते किंवा प्लेअरची भिंग-जुळणी बिघडलेली असते. आणि उलट बाजूने, 'चकचकीत आहे हो, एक ओरखडा नाही' या विक्रेत्याच्या वाक्यालाही काही अर्थ नाही, कारण गंज डोळ्यांना बहुधा दिसतच नाही. तो पडद्यावरच दिसतो.

मी प्रत्येक डिस्कच्या वेष्टनात एक चिठ्ठी ठेवतो: तारीख, बाजू, कितव्या मिनिटाला किती ठिणग्या. वर्षाने पुन्हा बघतो. वाढल्या असतील तर रॉट. तेवढ्याच असतील तर डिस्क तशीच जन्मलेली आहे, चालू द्या. 'एक वर्ष थांबायचं?' असं विचारणाऱ्यांनी कृपया स्ट्रीमिंग बघावं.

पुसताना मऊ कापड, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल नाही, आपण भांडी घासत नाही आहोत. हट्टी डागाला शुद्ध पाण्यात साबणाचा एखादा थेंब. अल्कोहोल मी वापरत नाही. ही डिस्क अ‍ॅक्रिलिकची असते, आणि अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोलने बारीक तडे जाऊ शकतात.

उरलेलं झटपट

डिस्क आडव्या रचू नका. उभ्या ठेवा, एलपीसारख्या, फार न दाबता.

दमट हवा वैरीण आहे. इथल्या जूनच्या पावसात मी कपाटात सिलिका जेल ठेवतो. मुंबई-कोकणात नेणाऱ्यांनी दुप्पट ठेवा.

'हाय-व्हिजन' (जपानचा जुना अ‍ॅनलॉग हाय-डेफिनिशन) लिहिलेली डिस्क सुंदर दिसते म्हणून उचलू नका. तिला म्यूझ हा त्याचा सिग्नल वाचणारा प्लेअर आणि डीकोडर लागतो. तुमच्या साध्या प्लेअरवर ती निरुपयोगी.

युरोपातल्या पाल या वेगळ्या टीव्ही-पद्धतीच्या डिस्क जपानी प्लेअरवर चालत नाहीत.

जपानी डिस्कवर हॉलिवूडच्या चित्रपटाला अनेकदा जपानी उपशीर्षकं चित्रातच कोरलेली असतात. ती बंद करायचं बटण नाही. रिमोट उलटसुलट करून शोधू नका.

डिस्कचे दोन प्रकार असतात: सीएव्ही एका बाजूला ३० मिनिटं चालते, सीएलव्ही ६०. तीस मिनिटांत थांबली म्हणजे प्लेअर बिघडला असं नाही.

पहिल्या पिढीचा, हीलियम-निऑन वायूची लेसर-नळी असलेला प्लेअर 'व्हिंटेज' म्हणून पहिलाच घेऊ नका. आणि थेट एचएलडी-एक्स९ या पायोनिअरच्या सर्वोच्च दर्जाच्या प्लेअरचं स्वप्नही नको. आधी एखादा धड चालणारा घ्या, त्याचा रबरी पट्टा बदलायला शिका.

लेसरडिस्क ब्लू-रेपेक्षा चांगली दिसते असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. सुमारे ४२५ ओळी म्हणजे व्हीएचएसच्या २४० च्या पुढे खूप, ब्लू-रेच्या पुढे काहीच नाही.

शेवटी वीज. जपानी प्लेअर १०० व्होल्टचा असतो. पुण्यातल्या माझ्या मावसभावासाठी मी सामानातून एक नेला. ट्रान्सफॉर्मर रविवारी बाजारातून आणू असं ठरलं होतं. शनिवारी रात्री त्याला धीर धरवेना. त्याच्याकडे प्रवासातला पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर होता. पिन बदलली, व्होल्ट तेच राहिले, २३०. सव्वादहाला फोन आला.

"दादा, याचा जरा वास येतो का रे सुरुवातीला?"

"कसला वास?"

"वास म्हणजे... आता धूरच आहे."

रविवारी त्याने ट्रान्सफॉर्मर आणला, चांगला, १०० व्होल्टचा, वजनदार. तो सध्या त्याच्या दारामागे आहे, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. प्लेअर मिळाला तर कळव, म्हणतो.