मेडिकल गेल्यावर आकाशाजवळ कसं राहायचं

आम्हा वैमानिकांच्या धंद्यात उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र गमावलं की 'त्याचं मेडिकल गेलं' असं म्हणतात, आणि सूर 'तो गेला' म्हणतानाचाच असतो. माझं 69 व्या वर्षी गेलं. आज मी 71 वर्षांचा आहे. 1974 मध्ये फ्लाइंग क्लबच्या पुष्पक या छोट्या विमानावर पहिला सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, केला, पुढे एअरलाइनमध्ये नोकरी, 65 ला नियमाप्रमाणे निवृत्ती आणि त्यानंतर चार वर्षं हौसेखातर सेस्ना 152 हे छोटं विमान. साठी ओलांडलेल्या वैमानिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे.

सर्वांत अवघड गोष्ट आधी सांगतो. थांबायचं कधी, ते तुम्ही ठरवा. डॉक्टरांवर सोडू नका. त्यासाठी वर्षातून एकदा तुमच्याहून निम्म्या वयाच्या प्रशिक्षकाला शेजारी बसवून चेक, म्हणजे उडण्याची परीक्षा, द्या आणि खाली उतरल्यावर त्याला एकच प्रश्न विचारा: तुझ्या आईला माझ्याबरोबर एकटीला पाठवशील का? मी विचारला तेव्हा तो पोरगा बराच वेळ हेडसेटची वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "सर, सकाळी पाठवीन."

त्याचं बरोबर होतं. विशीतल्या माणसाच्या डोळ्यात जेवढा उजेड आत पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोहोचतो. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, आलो की मला रनवे उशिरा दिसायचा. त्याच चेकमध्ये टॉवरने रनवे बदलला, मी रीडबॅक बिनचूक दिला, म्हणजे सूचना जशीच्या तशी परत बोलून दाखवली, आणि तरीही जुन्याच रनवेकडे वळलो. "सर, आपण कुठे चाललोय?" एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून संध्याकाळचं उडणं बंद केलं. असं एकेक करून सोडत जा: आधी संध्याकाळ, मग आडवा वारा, मग एकट्याने जाणं.

छातीतली धडधड लपवू नका. मी लपवली होती. जिना चढताना ठोके मागेपुढे व्हायचे आणि मी चार महिने कुणाला काही बोललो नाही, कारण मेडिकलची तारीख जवळ आली होती. त्या चार महिन्यांत एकदा विमानात माझ्या शेजारच्या सीटवर नातू होता. नंतर ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, निघालं. मेडिकल गेल्याच्या दुःखापेक्षा त्या एका फेरीची आठवण मला जास्त छळते. गोळी मुकाट्याने घ्या, तपासणी वेळेवर करा आणि खरं ते सांगा.

जे.आर.डी. टाटांचं उदाहरण तुम्हाला प्रत्येक जण देईल. 15 ऑक्टोबर 1932 च्या त्यांच्या कराची–मुंबई उड्डाणाला 50 वर्षं झाली तेव्हा, 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ हे जुनं छोटं विमान घेऊन तोच मार्ग पुन्हा कापला. मला त्याचा आजही अभिमान वाटतो. पण आपला निर्णय त्यांच्या वयावरून करू नका. आपला ईसीजी बघा.

शेवटची फेरी ही शेवटची आहे हे माहीत असताना मारा. मला ते भाग्य लाभलं नाही. एका मंगळवारी विमान हँगरमध्ये ढकललं, ते शेवटचंच ठरलं. तुम्ही सकाळ निवडा. टाकीतून नमुन्याचं थोडं पेट्रोल स्वतःच्या हाताने काढा, नळी उजेडाकडे धरा. एव्हगॅसचा, म्हणजे या विमानी पेट्रोलचा, फिकट निळा रंग, तळाशी पाण्याचा थेंब नाही ना, हे नेहमीच्या दुप्पट वेळ बघा. बघू दे लोकांना.

मग घरातले दिवस सुरू होतात. पहिल्या वर्षी मी पहाटे साडेचारला जागा व्हायचो. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही झोपेत उजवा पाय दाबता." टेकऑफच्या वेळी नाक डावीकडे ओढतं, म्हणून उजवं रडर द्यावं लागतं, म्हणजे उजवं पेडल दाबावं लागतं, पन्नास वर्षं दिलं. या ओढीशी भांडू नका, तिला काम द्या. माझं काम असं: सकाळी पुण्याचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचायचा. दुपारी अपेक्षित असलेल्या तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) वजा करायचा आणि 400 ने गुणायचं, म्हणजे दुपारच्या कापशी ढगांचा तळ साधारण किती फुटांवर असेल ते कळतं. 34 आणि 18 असेल तर 6,400 फूट. मग अकराच्या सुमारास गच्चीवर जाऊन घारी बघायच्या. घार पंख न हलवता गोल फिरत वर निघाली की तिथे थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, आहे. आता हा हिशोब नातू करतो आणि मला शाळेतून आल्या आल्या तापमान आणि दवबिंदू विचारतो.

मरणाचं बोलायचं तर लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, काढा. आमच्या बॅचमध्ये अकरा जण होतो, चार उरलोत. गेलेल्यांची नावं माझ्या लॉगबुकात सहवैमानिकांच्या रकान्यात जागोजागी येतात. प्रत्येक नावापुढे मी पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या: कुठे मुक्काम केला, काय खाल्लं, कोण घोरायचं. ही वही कोणाला द्यायची तेही आतल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर ती रद्दीत जाईल.

आणि एकदा तरी ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, बसा. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. जाण्याआधी चौकशी करा. प्रवासी म्हणून बसायचं, कंट्रोलला हात लावायचा नाही. ग्लायडर वर ओढणाऱ्या विंचची केबल सुटते आणि मग फक्त वारा ऐकू येतो. कॅनॉपीवर, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, बाहेरून लोकरीचा एक लाल धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडत असेल तर ग्लायडर नीट चाललंय, तिरका झाला तर घसरतंय. मी पूर्ण वेळ तो धागाच बघत होतो. इंजिनच्या विमानात फायनल बिघडली तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं, असतो. इथे नसतो. म्हणून पायलट थोडी उंची हातची राखून येतो आणि पंखांवरचे एअरब्रेक उघडून ती शेवटी खर्च करतो. हे मला पन्नास वर्षं आधी शिकवलं गेलं असतं तर बरं झालं असतं.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ग्लायडरमध्ये चढता-उतरताना कडांना धडकू नका, साध्या खरचटण्याचंही रक्त लवकर थांबत नाही. टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. मार्चमध्ये त्या मैदानावर सावली नसते.