आईबाबांची महिन्याची औषधं आणायच्या आधी

सगळ्यात आधी गोळ्यांचा डबा पेपरवर पालथा करायचा, कारण निम्म्या वेळा घरात काय शिल्लक आहे तेच माहीत नसतं. आमच्याकडे मागे असा ओतला तर पित्ताच्या गोळीच्या साडेतीन स्ट्रिप निघाल्या, दोन आठवड्यांसाठी दिलेली गोळी बाबा आठ महिने इमानेइतबारे घेत होते आणि मी दर महिन्याला आणून देत होते, म्हणजे शहाणे दोघंही. तेव्हा पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचारायचं, यातली कुठली बंद करता येईल का. आपण होऊन मात्र काही थांबवायचं नाही.

मग एक कागद घ्यायचा. त्यावर ब्रँडचं नाव नको, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात जे कंटेंट असतं ते लिहायचं, टेल्मिसार्टन ४०, अॅटोरव्हास्टॅटिन १०, मेटफॉर्मिन ५०० आणि पुढे एसआर असेल तर एसआर पण, ती हळूहळू विरघळणारी गोळी असते, मी एकदा ते लिहायला विसरले, साधी घेऊन आले आणि बाबांच्या पोटाने दोन दिवस निषेध नोंदवला. अक्षर दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून झूम करायचा. हा कागद झाला की अर्धं काम झालं, कारण जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, ब्रँड चालत नाही, तिथे कंटेंटच सांगावं लागतं. जवळचं केंद्र आणि भाव जनऔषधी सुगम अॅपवर दिसतात, पण निघायच्या आधी फोन करून स्टॉक विचारायचाच, टेल्मिसार्टन आहे आणि मेटफॉर्मिन संपलीय असं नेहमीचं. एका गोळीत दोन औषधं असतील आणि तसं कॉम्बिनेशन तिथे नसेल तर दोन वेगळ्या घेऊ का हे डॉक्टरांना विचारून ठेवायचं.

थायरॉईड, फिट्स, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी, यांचा ब्रँड आपल्या मनाने बदलायचा नाही. यात वाचवायला जाऊ नका, प्लीज. डॉक्टरांनी थायरॉईडचा बदलून दिलाच तर साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करायची.

नेहमीच्या मेडिकलमधून घेणार असाल तर स्ट्रिपची नाही, गोळीची किंमत काढायची. १० ची स्ट्रिप ९० ला आणि १५ ची १२० ला असेल तर दुसरी स्वस्त, एक रुपयाने, आणि काउंटरवर वीस टक्के डिस्काउंटची पाटी बघून हा हिशोब हमखास राहतो. एमआरपी मुळात फुगलेली असेल तर वीस टक्के काय कामाचे! २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. सुट्या गोळ्या घेतल्या तर एक्सपायरी छापलेला तुकडा बहुतेक वेळा दुकानातच राहतो, तो बघून मगच कापायला सांगायचं.

पैसे यूपीआयने द्यायचे. आईबाबा साठीच्या पुढचे असतील, त्यांचा आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या कर पद्धतीत असाल तर औषधोपचाराचा वर्षाला ५० हजारांपर्यंतचा खर्च वजावटीत दाखवता येतो, पण रोखीने दिलेला धरत नाहीत. आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढायचा, आमची अर्धी बिलं मार्चपर्यंत कोरी पांढरी झाली होती.