काटा अडकला म्हणून सर्व्हर बंद-चालू करताय? मायएसक्यूएल सांभाळताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचा सर्व्हर मी सांभाळतो. काट्याच्या नोंदी त्यावरच्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये (माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असतात. मागच्या हंगामात भर दुपारी काटापट्टी (वजनाची पावती) निघेना. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, "अजून किती वेळ हाय जी?" म्हणून विचारणा. मी घाईत सर्व्हर बंद करून चालू केला. काम सुरू झालं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि आदल्या दिवशीचा एकही पुरावा हाती नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मायएसक्यूएल आपल्या कामाची मोजमापं 'परफॉर्मन्स स्कीमा'त ठेवतं. ही माहिती डिस्कवर नसते, मेमरीत असते. सर्व्हर थांबला की ती गेली. लाइट गेली आणि बॅटरी संपली तरी तेच. म्हणून आधी प्रोसेसलिस्ट (चालू कनेक्शनांची यादी), इन्फॉर्मेशन स्कीमातलं 'इनोडीबी टीआरएक्स' (चालू ट्रान्झॅक्शनांची यादी) आणि सिस स्कीमातलं 'इनोडीबी लॉक वेट्स' (कोण कुणासाठी अडलंय त्याची यादी) यांचं आउटपुट फाइलमध्ये उतरवून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रोसेसलिस्टमध्ये 'स्लीप' (सध्या काही चालवत नाही) दिसलं की ते कनेक्शन निरुपद्रवी समजू नका. आमच्याकडे लॉक (नोंदीवरचा ताबा, तो सुटेपर्यंत दुसऱ्याला ती बदलता येत नाही) धरून बसलेलं कनेक्शन स्लीपमध्येच होतं. हिशेबनीस बिलाची स्क्रीन उघडी ठेवून जेवायला गेलेले. सॉफ्टवेअरनं ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या करायच्या बदलांचा गट) सुरू केलं होतं, कमिट म्हणजे पक्कं केलं नव्हतं. काटा ५० सेकंद थांबायचा, मग एरर. लॉकची वाट पाहायची डिफॉल्ट मर्यादा तेवढीच आहे. ती वाढवू नका, रांगच वाढेल. ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं आणि कोणत्या थ्रेडचं (कनेक्शनच्या नंबराचं) आहे, हे 'इनोडीबी टीआरएक्स'मध्ये दिसतं. तेवढंच कनेक्शन किल करा (तोडा) आणि सॉफ्टवेअरवाल्याला सांगा, ट्रान्झॅक्शन 'सेव्ह' दाबल्यावरच सुरू कर.

परफॉर्मन्स स्कीमातली वेळ पिकोसेकंदात असते. एका सेकंदाचे एक लाख कोटी. क्वेरींच्या (डेटाबेसला दिलेल्या हुकुमांच्या) वेळेची बेरीजही सर्व्हर सुरू झाल्यापासूनची असते, म्हणून दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा आकडे घेऊन वजाबाकी करा. इन्फॉर्मेशन स्कीमातली टेबलातल्या ओळींची संख्या तर इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-इंजिनात) अंदाजेच असते आणि मायएसक्यूएल ८.० मध्ये ती २४ तासांपर्यंत शिळी असू शकते. आजच्या काटापट्ट्या त्यावरून मोजू नका.

आणि मॉनिटरिंगसाठी रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) पासवर्ड कुणाला देऊ नका. प्रोसेसलिस्टमध्ये चालू क्वेरी जशीच्या तशी दिसते, शेतकऱ्याच्या बँक खात्याच्या नंबरासकट. वेगळा युजर काढा. त्याला 'प्रोसेस'ची परवानगी, परफॉर्मन्स व सिस स्कीमा वाचण्याचा आणि सिसमधली फंक्शन्स चालवण्याचा ('एक्झिक्यूट') एवढाच अधिकार द्या. चालू क्वेरी त्यालाही दिसतात, म्हणून तो युजरही विश्वासातल्या माणसालाच द्या.